नग

जिथं लूम होता तिथं आता पाणी आहे.
दोन फूट बाय एक, काच पाच एमएम,
खाली फरशीत बोल्टांची चार भोकं
अजून बुजवायची राहिलीत.
लूम किलोवर गेला.
त्यातले थोडे श्रीवल्लीच्या हट्टाला लागले:
आठ गप्पी, दोन मोली,
आणि सात रस्त्यावरच्या दुकानातून
ओल्या पेपरात गुंडाळून आणलेली एक हिरवी काडी.

पानाच्या पाठीला काय होतं ते कुणी पाहिलं नाही.
शिजलेल्या साबुदाण्यासारखा ठिपका, एवढाच.

दीड महिन्यात मासे दिसेनासे झाले.
गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात,
हिच्या पोटात अख्खं विडी घरकुल होतं.
नर-मादी एकीतच,
लग्नाचा खर्चसुद्धा नाही.
नायना त्यांना नत्तलु म्हणतो
आणि काचेला नाक लावून बसतो.

"खायला किती घालताय?" गुरुसिद्ध दुकानदारानं विचारलं.
चिमूटभर, मी म्हटलं, सकाळ-संध्याकाळ.
नायना शेजारीच उभा होता, हात खिशात.
डबी खिशात.

चाळीस वर्षं त्यानं संपली कांडी काढून भरली कांडी घातलेली.
ते थांबलं हे हाताला कोण सांगणार?
दर तासाला उठतो, बोटं झटकतो, परत बसतो.

"गोगलगाई वाढत नाहीत ओ,
शिल्लक वाढायलीय तुमच्याकडं.
औषध घालू नका, एकदम मेल्या की पाणी नासतंय, मासेपण जातेत.
आणि तळ्यात नेऊन सोडू नका.
एक मासा आहे, त्यांनाच खातोय. दीडशे."
नायना म्हणाला,
मुकादम ठेवला की त्याचं पोट आलं.

मग काकडी.
एक चकती, गरम पाण्यातून काढलेली,
काटाचमच्याला टोचून रात्री दहाला तळाशी.
पहाटे दिवा लावायच्या आत चमचा वर काढायचा:
काकडी दिसतच नाही,
नुसते शंख, बटणासारखे, एकावर एक.

नायनानं मजुरीची वही काढली,
मागची कोरी पानं.
तेलुगू अक्षरात तारीख. नग चौऱ्याऐंशी. खाली सही.
माल दह्याच्या जुन्या डब्यातून बर्फाच्या कप्प्यात,
"माझ्या मटाराशेजारी नको," अनसूया म्हणाली,
आणि दोन दिवसांनी कढीपत्त्याच्या मुळाशी.

सत्तावन्न.
साठ (त्या दिवशी श्रीवल्लीच्या मैत्रिणी आलेल्या,
सगळ्यांनी मिळून खाऊ घातला होता).
एकोणचाळीस.
डबी आता माझ्याकडं, कपाटात, कुलपात नाही पण उंचावर.
पाणी पाचव्या दिवशी, रात्री दीडला.
आधी पिण्याचं, मग माशांची एक बादली,
वास जाईपर्यंत उघडी ठेवायची.
एकवीस. बारा. बारा.
काचेतून पलीकडची भिंत दिसायला लागली,
भिंतीवर लुमाच्या तेलाचा जुना डाग.
तीन.

एका पहाटे काकडी जशीच्या तशी वर आली,
हिरवी कड, पांढरं पोट,
कुणी तोंड लावलेलं नाही.
नायनानं ती बराच वेळ उलटीपालटी केली.
मग वहीत लिहिलं: निल.
हा शब्द त्या वहीत आधी एकदाच आहे,
पुढच्या बाजूला,
शेवटच्या भरलेल्या पानावर.

दिवसभर तो दाराच्या पायरीवर होता.
भाकरी अर्धी ठेवली, चटणीला हात लावला नाही.
मासे छान होते. मी तसं म्हणालोही.

त्या रात्री पाण्याचा दिवस.
दीडला उठलो तर टाकीचा निळा दिवा लागलेला
आणि नायना स्टुलावर चढलेला,
एका हातात डबी,
दुसऱ्या हाताची दोन बोटं पाण्याच्या वर.
बोटं मिटलेली होती का उघडलेली
ते मला दारातून दिसलं नाही.

मी बादली उचलली,
कडी वाजू न देता,
आणि नळावर गेलो.

चौथ्या सकाळी वहीत:
नग दोन.
सही.